जमैकाच्या थांब्यावर घोडेस्वारी: आधी घोडा बघा, मग समुद्र

कॅरिबियन क्रूझमध्ये जमैकाचा थांबा असला की सहलींच्या यादीत घोड्यावर बसून समुद्रात शिरण्याची सहल हमखास असते. जाहिरातीतल्या फोटोत पांढरा घोडा, निळंशार पाणी आणि वाऱ्यावर उडणारे मोकळे केस. प्रत्यक्षात कार्यक्रम असा: बसने तबेल्यापर्यंत जायचं, तासभर झाडीतून आणि माळावरून कदमचालीने फिरायचं, मग जड खोगीर उतरवून घोड्याला पाण्यात घालायचं. मजा येते, अगदी भरपूर येते. फक्त ती किती येणार, हे बुकिंग करताना तुम्ही काय विचारता आणि तबेल्यात पहिल्या पाच मिनिटांत काय बघता यावर ठरतं.

मी पशुवैद्य. आता निवृत्त आहे. नोकरीचा मोठा काळ नंदुरबार जिल्ह्यात गेला, आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरला की तापीकाठी घोडे तपासत उभं राहणं हे ओघाने आलंच. मुलगा-सून फ्लोरिडात टँपाला असतात म्हणून क्रूझ आमच्या वाट्याला आली. तेव्हा माझा सल्ला थोडा घोड्याच्या बाजूने झुकलेला वाटेल. वाटू दे.

बुकिंगच्या आधी

तुमचं जहाज जमैकात नेमकं कुठे लागतं ते आधी बघा. ओचो रिओस, फालमाउथ आणि माँटेगो बे ही उत्तर किनाऱ्यावरची तीन बंदरं. घोडेस्वारीसाठी सेंट अ‍ॅन परगण्याचा किनारा चांगला, आणि ओचो रिओसहून तो जवळ पडतो. सेंट अ‍ॅन्स बे गाव तिथून पश्चिमेला दहा-बारा किलोमीटरच आहे. फालमाउथला उतरलात तर तीच सहल घेण्यासाठी एका बाजूचा तासभर बसमध्ये जातो. चार तासांच्या सहलीतले दोन तास खिडकीबाहेर बघण्यात घालवायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी म्हणेन, फालमाउथहून जात असाल तर माँटेगो बेच्या बाजूचा तबेला शोधा.

दुसरा प्रश्न: जहाजाकडून घ्यायची की बाहेरून? बाहेरून स्वस्त पडते आणि गटही लहान मिळतो. जहाजाकडून घेतलेल्या सहलीची बस रस्त्यात अडकली तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदरावर पोचवायची जबाबदारी ते घेतात. बाहेरून गेलात तर कोणी थांबत नाही. घोड्याच्या सहलीत वेळ लांबण्याची कारणं पुष्कळ असतात: कुणाला हेल्मेट बसत नाही, कुणी ऐनवेळी घाबरतं, कुणाचा घोडा चरायला थांबतो. पहिल्यांदाच जात असाल तर जास्तीचे पैसे देऊन जहाजाकडूनच घ्या.

आणि घड्याळ. ह्यात भलेभले फसतात. जमैका वर्षभर एकच वेळ पाळतो. जहाज फ्लोरिडातून निघालेलं असेल तर तिथे मात्र मार्च ते नोव्हेंबर घड्याळं तासभर पुढे असतात. त्या दिवसांत जहाजाने आपली वेळ बदलली नाही आणि तुमच्या मोबाइलने किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडून ती बदलली, तर मोबाइलवर साडेतीन वाजलेले असतात तेव्हा जहाजावर साडेचार झालेले असतात. आदल्या रात्री रिसेप्शनवर ‘उद्या जहाजाची वेळ कुठली?’ एवढं विचारा आणि मनगटावर साधं काट्याचं घड्याळ बांधा. आमचे हे त्यांचं जुनं एचएमटी घालून गेले होते. अख्ख्या बसमध्ये खात्रीची वेळ त्यांनाच ठाऊक.

बुकिंग करताना आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. घोड्यांच्या दिवसाला किती फेऱ्या होतात? पाण्यात तेच घोडे जातात की वेगळे? आणि वजनाची मर्यादा किती? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा २३० किंवा २५० पौंड असं मिळतं, म्हणजे १०४ ते ११३ किलो. माझ्या मते ही मर्यादा सैल आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार नको, असा आमच्यात ठोकताळा. ४५० किलोच्या घोड्याला ९० किलो झाले, आणि त्यातले दहा-पंधरा किलो खोगीरच खातं. तेव्हा ऐंशीच्या आसपास असाल तर आधीच कळवून हाडापेराने थोराड घोडा मागून घ्या. वजन चोरून सांगू नका; भोगणारा दुसराच असतो.

पहिली फेरी मिळाली तर तीच घ्यावी. ऊन कमी, घोडे ताजे.

जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम. २०२५च्या ऑक्टोबरअखेर मेलिसा चक्रीवादळाने जमैकाच्या पश्चिम भागाची दैना केली. ह्या हंगामातलं बुकिंग असेल तर रद्द केल्यावर पैसे कसे परत मिळतात ते आधी वाचून ठेवा. हिवाळ्यात वादळ नसतं, पण उत्तरेकडून थंड वारे आले की ह्याच किनाऱ्यावर लाटा उठतात आणि पाण्याचा भाग गाळला जातो. तसं झालं तर गाइडशी हुज्जत घालू नये. त्याला समुद्र कळतो.

काय घालायचं

जीन्स नको. ओली जीन्स मांड्यांची सालं काढते. पटकन वाळणारी लांब पँट किंवा जाड लेगिंग्ज, आत पोहण्याचे कपडे. पायात टाच बंद असलेले बूट हवेत. चप्पल-फ्लोटर घातलेल्यांना घोड्यावर बसूच देत नाहीत, आणि बरोबरच आहे, पाय रिकिबीतून, म्हणजे पाय ठेवायच्या कडीतून, आरपार गेला तर पडल्यावर माणूस फरफटत जातो. पाण्यासाठी रबरी बूट वेगळे घ्या, कारण तिथल्या खडकांत सागरी साळींदर असतात आणि त्यांचे काटे तळव्यात मोडतात. ओढणी, लोंबते कानातले, सैल स्टोल सगळं जहाजावर ठेवा. मंगळसूत्र आत किंवा तिजोरीत. वेणी असेल तर खाली बांधा. वर अंबाडा घातला की हेल्मेट बसत नाही. चष्म्याला दोरी.

लष्करी ठिपक्यांचे, म्हणजे कॅमोफ्लाज कपडे जमैकात सामान्य माणसाने घालायला कायद्याने बंदी आहे. नातवाची तशी हाफपँट सुनेने बॅगेतून बाहेर काढली तेव्हा तो रुसला, पण धक्क्यावर पोलिसांना समजावत बसण्यापेक्षा ते बरं.

सनस्क्रीन लावल्यावर तळवे पुसून घ्या, लगाम निसटतो. नाश्ता हलका करा. दोन दिवस जहाजावर काढल्यावर जमिनीवरही डुलल्यासारखं होतं, त्यामुळे तबेल्यात पोचताच घाईने घोड्यावर चढू नका, थोडं चाला. अमेरिकी डॉलरच्या सुट्ट्या नोटा जवळ असू द्या. तुमच्या घोड्याला धरून पाण्यात उभा राहणारा माणूस बक्षिशीचा खरा हकदार असतो.

गरोदर असाल, मणक्याचं दुखणं असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जाऊ नका. गुडघे कुरकुरत असतील तर चढायला ओटा आहे का ते विचारा. असतोच. जमिनीवरून चढण्यापेक्षा ओट्यावरून चढणं घोड्याच्या पाठीलाही सोसतं.

तबेल्यातली पाच मिनिटं

इथे सगळे हेल्मेटच्या रांगेत उभे राहतात. तुम्ही घोड्यांकडे बघा.

आधी लांबून. सावली आहे का, पाण्याचं टाकं भरलेलं आहे का, आणि घोडे तिथवर पोचू शकतात का? बरगड्या हाताला लागाव्यात, पण लांबूनच मोजता येऊ नयेत. मग जवळून. मानेच्या बुडाशी, जिथे खोगिराचा पुढचा भाग टेकतो, तिथे आणि पोटाखाली तंगाच्या, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याच्या, जागी जखम आहे का बघा. गडद रंगाच्या घोड्यावर नेमक्या त्याच जागी पांढऱ्या केसांचे डाग दिसले तर ती जुन्या जखमेची खूण. जखम बरी झालेली असेल तर एकट्या त्या डागावरून मालकाला दोष देऊ नये. ओली जखम मात्र चालवून घेऊ नका.

मोतद्दार घोडा चालवत आणेल तेव्हा डोकं बघा. पुढचा पाय दुखरा असेल तर तो पाय जमिनीवर टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घालतो. सारंगखेड्याला दलाल घोडा नाचवत आणतात ते ह्यासाठीच; नाचणाऱ्या घोड्याचं लंगडणं दिसत नाही. इथे तसली चलाखी कुणी करत नाही, पण कधी कधी खरंच कुणाचं लक्ष गेलेलं नसतं. आमच्या गटातल्या एका लालसर घोडीचं डोकं मला हलताना दिसलं. गाइडला सांगितलं. त्याने वाकून खूर उचलला, नालेत अडकलेला खडा काढला आणि तिला पुन्हा चालवून दाखवलं. चांगल्या तबेल्याची हीच ओळख: सांगितलेलं त्यांना खटकत नाही. कोणी हसून उडवून लावलं तर घोडा बदलून मागा, आणि तोही नाही दिला तर सावलीत बसा. तक्रार जहाजावर परतल्यावर सहलींच्या काउंटरवर लेखी द्या.

अनुभव विचारतील तेव्हा खरं सांगा. माथेरानला दस्तुरी नाक्यावरून घोड्यावर बसून बाजारात गेलो, हा अनुभव नव्हे. तिथे घोडा घोडेवाल्याच्या हातात असतो. ‘नवखा’ म्हणा. शांत, वयस्क घोडा मिळतो आणि तोच हवा. माझा घोडा केमनास पार्कच्या रेसकोर्सवर पळून निवृत्त झालेला होता, असं गाइडने सांगितलं. आम्हा दोघांचं लगेच जमलं.

वाटेवर

चढल्यावर पहिल्या काही मिनिटांत तंग पुन्हा आवळून घ्या. सुरुवातीला घोडा पोट फुगवतो, मग ते सैल पडतं. रिकिबीत पायाचा चवडा, टाच खाली. लगाम एका हातात, ढिला. तुमच्या घोड्याच्या दोन कानांमधून पुढच्या घोड्याचे मागचे खूर दिसले पाहिजेत. दिसेनासे झाले तर तुम्ही फार जवळ गेलात, आणि लाथ बसली तर ती तुमच्या गुडघ्यावर बसेल. चढावर पुढे झुका, उतारावर मागे. घोडा गवताला तोंड घालायला लागला तर मान खाली जाण्याआधीच लगाम वर घ्या; एकदा घास तोंडात गेला की तो ऐकत नाही, आणि त्याचंही चुकत नाही.

बाकी वाट सोपी आहे, आजूबाजूला बघा. लाल माती दिसेल, ती बॉक्साइटची. ऑलस्पाइसची झाडं दिसतील, तिथे पिमेंटो म्हणतात. पान चुरगळलं की लवंग-दालचिनीचा वास येतो. किनाऱ्याजवळ आपल्याकडच्या अंगणातला देशी बदाम उभा असेल. तुरुतुरु रस्ता ओलांडणारं मुंगूस दिसलं तर तेही आपल्याकडचंच. उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला १८७२ साली कलकत्त्याहून इथे मुंगसं आणून सोडली होती. उंदरांबरोबर त्यांनी इथले पक्षी आणि सरडेही संपवत आणले, हा भाग वेगळा. हाच तो किनारा, जिथे कोलंबस १५०३ साली कुजकी जहाजं घेऊन वर्षभर अडकला होता.

किनाऱ्यावर अनोळखी झाडाखाली पावसात थांबू नका आणि पडलेलं हिरवं फळ उचलू नका. मँचिनील नावाचं झाड कॅरिबियनमध्ये आहे. त्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात, आणि पावसाचं पाणी पानांवरून गळलं तरी भाजतं.

पाण्यात

घोड्याला पोहायला शिकवावं लागत नाही. स्वाराला मात्र एक गोष्ट शिकावी लागते: लगाम ओढायचा नाही. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने त्याला घेता येत नाही. पायाखालची जमीन सुटल्यावर तो मान लांब करून नाकपुड्या पाण्याच्या वर ठेवतो. त्या वेळी तोल जातोय म्हणून तुम्ही लगाम खेचलात तर त्याचं डोकं मागे येतं आणि तो तिरपा होतो. आयाळ धरा. मूठभर घट्ट धरली तरी त्याला फारसं दुखत नाही. पाठीवर पट्टा असेल तर तो धरा.

पाणी छातीपर्यंत असेतो घोडा चालतोच आहे. मग एकदम धक्के बंद होतात, पाठ खाली जाते आणि तुमचं अंग तरंगायला लागतं. इथे लोक किंचाळतात. गुडघ्यांनी आवळू नका, पाय सैल सोडा आणि पुढे झुका. खाली घसरलात तर मागच्या बाजूला जाऊ नका, त्याचे पाय पाण्याखाली जोरात चालू असतात. बाजूला, खांद्याच्या रेषेत राहा आणि गाइडला येऊ द्या. पोहता येत नसेल तर आधी सांगा, लाइफ जॅकेट मिळतं. घोड्याच्या कानांवर पाणी उडवू नका, त्याला ते मुळीच आवडत नाही. पाण्यातून बाहेर येताना तो अंग झाडतो. त्या क्षणी सगळ्यात जास्त माणसं पडतात, तेव्हा वाळूला लागल्यावरही आयाळ सोडू नका.

मोबाइल बसमध्येच ठेवा. फोटो तिथला माणूस काढतो आणि नंतर विकतो, महाग असतात. आम्ही एकच घेतला, त्यात ह्यांचे डोळे मिटलेले आहेत.

उतरल्यावर घोड्याला गोड्या पाण्याने धुतात का ते बघा. मीठ अंगावर वाळलं की खोगिराखाली खाज सुटते आणि मग जखमा होतात. आमच्या इथे नळीने धूत होते. मी न विचारता नळी हातात घेतली, कोणी काही म्हणालं नाही.

जहाजावर आल्यावर आधी गरम पाण्याची आंघोळ, मग मांड्यांच्या आतल्या बाजूला खोबरेल. दुखणं संध्याकाळी कमी आणि दुसऱ्या दिवशी जास्त असतं. पुढच्या बंदरावर पायऱ्यांची किंवा सायकलची सहल घेतली असेल तर ती आजच बदलून समुद्रकिनाऱ्यावरच्या खुर्चीची करा; काउंटर बंद व्हायच्या आत गेलात तर बहुधा बदलून देतात.