मूल पुण्याला शिकायला निघालंय? मेडिक्लेमची तयारी आधी

बारावी झाली, लातूर-नांदेडकडच्या घरात पुण्याला जायची बांधाबांध सुरू झाली की गादी, बादली, लॅपटॉप सगळं यादीत येतं. मेडिक्लेम त्यात वरच हवा. पॉलिसी गावात काढलेली असली तरी आजारपण पुण्यात येणार आहे, आणि हॉस्पिटलच्या काउंटरवर उभा असेल तो रूममेट. यादी करताना हे डोळ्यासमोर ठेवा.

आधी घरातली जुनी पॉलिसी काढा. फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराची मिळून एकच विमा रक्कम असलेल्या पॉलिसीत, आईवडिलांवर अवलंबून असलेलं मूल बहुधा पंचविशीपर्यंत चालतं. तुमच्या पॉलिसीत नेमकं कोणतं वय लिहिलंय ते बघा. नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते ना, तेही. नोकरीतून मिळालेली ग्रुप पॉलिसी असेल तर नोकरीबरोबर तीही जाते. कॉलेजने फीमध्ये धरलेला विमा पुष्कळदा फक्त अपघाताचा असतो. डेंग्यू झाला तर त्याचा काही उपयोग नाही, म्हणून त्याची प्रत ऑफिसातून मागून घ्या.

नवीन पॉलिसी काढायची किंवा फ्लोटरमध्ये मुलाचं नाव घालायचं, तर प्रवेशाची वाट बघू नका. अपघात सोडला तर पहिले ३० दिवस आजाराचा क्लेम मिळत नाही, आणि कॉलेजं सुरू होतात ती ऐन पावसाळ्यात, डेंग्यूच्याच दिवसांत. हे काम मे महिन्यातच उरका.

फॉर्म भरताना दमा, फिट्स, थायरॉइड, जुनं ऑपरेशन, जे असेल ते लिहा. ‘हे लिहू नका, प्रीमियम वाढेल’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. लिहिलेल्या जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. लपवलेला आजार मात्र ऐन क्लेमच्या वेळी पॉलिसीच रद्द करवू शकतो. मूल एकटं परगावी असताना ही जोखीम घेऊच नये.

आता झोनचं बघा. काही कंपन्या शहराप्रमाणे दर लावतात. लहान शहराच्या दरात घेतलेल्या पॉलिसीवर पुण्या-मुंबईत उपचार झाले तर बिलाचा काही टक्के हिस्सा आपल्याला भरावा लागू शकतो. मूल पुण्यात राहणार आहे हे कंपनीला ईमेलने कळवा आणि उत्तर लेखीच घ्या. रूम रेंटची मर्यादाही अशीच नडते. पाच लाखांच्या पॉलिसीत रोजचं खोलीभाडं १ टक्का, म्हणजे ५,००० रुपये असेल आणि मूल ८,००० च्या खोलीत दाखल झालं, तर वरचे तीन हजार भरून सुटका होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर अशा खर्चालाही तेच पाच-अष्टमांशाचं प्रमाण लावलं जातं. माझं मत स्पष्ट आहे: थोडा जास्त प्रीमियम पडला तरी रूम रेंटची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या.

मनाच्या आजाराचंही विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारासारखंच संरक्षण देणं बंधनकारक केलंय. पण ते बहुधा दाखल झाल्यावरच लागू होतं. समुपदेशनाची फी हवी असेल तर ओपीडीचं कलम शोधा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ठरलेल्या हॉस्पिटलांत आणि ठरलेल्या उपचारांसाठीच. रेशनकार्डाची प्रत मुलाजवळ असू द्या.

हॉस्टेलवर सोडायला जाल तेव्हा जवळच्या दोन नेटवर्क हॉस्पिटलांच्या (कंपनीशी करार असलेल्या) विमा डेस्कवर स्वतः जाऊन विचारा, ‘या कंपनीचं कॅशलेस, म्हणजे बिल कंपनीनेच थेट भरण्याची सोय, सध्या चालू आहे का?’ वेबसाइटवरची यादी जुनी असू शकते. ई-कार्ड, आधार, पॉलिसी नंबर आणि कंपनीचा किंवा टीपीएचा (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेचा) फोन नंबर मुलाच्या आणि रूममेटच्याही फोनमध्ये टाका. २०२४ च्या नियमांप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत कंपनीने निर्णय द्यायचा असतो. तरी डिपॉझिटपुरते पैसे मुलाच्या खात्यात असावेत. क्लेम अडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहे. त्याचं कार्यालय पुण्यातही आहे आणि तक्रारीला फी नाही.