शेतकऱ्याची बारा पत्रं कशी वाचायची (आणि पाचव्या पत्राला झोप कशी आवरायची)

खरं सांगतो, पहिल्यांदा मी ही पत्रं, म्हणजे ब्रिटिश पार्लमेंटने अमेरिकेतल्या वसाहतींवर बसवलेल्या करांविरुद्ध जॉन डिकिन्सनने लिहिलेली बारा, एका शनिवारी सगळी एकदम वाचायला घेतली आणि पाचव्या पत्रावर आडवा झालो. अठराव्या शतकातलं इंग्रजी, एकेक वाक्य असं की ठाण्याला गाडी सुटताना सुरू केलं तर रबाळे आलं तरी पूर्णविराम नाही, वर कलमं आणि लॅटिन. मग वर्षभर फाइल मोबाइलमध्ये तशीच पडून. नंतर आमच्या सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या काकांनी एक साधी गोष्ट विचारली, अरे ही पेपरात आली तेव्हा लोकांनी अशी एका बैठकीत वाचली होती का? नव्हती ना. तिथून सगळं बदललं. आता आम्ही चौघंजण रविवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये वाचतो, ती पद्धत खाली लिहितोय, कुणाला करून बघायची असेल तर बघा.

आधी हे प्रकरण काय आहे ते. जॉन डिकिन्सन, जन्म १७३२, लंडनला मिडल टेंपलमध्ये कायदा शिकून आलेला फिलाडेल्फियाचा नावाजलेला वकील. डिसेंबर १७६७ ते फेब्रुवारी १७६८ या काळात त्याने फिलाडेल्फियाच्या पेपरात आठवड्याला एक अशी १२ पत्रं लिहिली, सही फक्त 'एक शेतकरी'. अमेरिकेतल्या बहुतेक सगळ्या पेपरांनी ती उचलली, मग लगेच पुस्तिका निघाली, १७६८ मध्येच लंडनला छापली गेली आणि पुढच्या वर्षी फ्रेंचमध्ये. आपल्याकडे याच्या जवळचं काही आठवायचं तर लोकहितवादींची शतपत्रे, १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये आलेली, तीही टोपणनावाने आणि तीही हप्त्याहप्त्याने. फरक एवढाच की लोकहितवादी आपल्याच माणसांना झापतात आणि हा शेतकरी सातासमुद्रापलीकडच्या पार्लमेंटला.

आता तयारी. मजकूर फुकट मिळतो, इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या आवृत्त्यांचे स्कॅन आहेत. पण अगदी सुरुवातीच्या छापाच्या मागे लागू नका, त्यात जुना लांब 'एस' असतो जो हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो, आणि कॉपी-पेस्ट केलं की 'सच'चं 'फच' होतं, आमच्यातल्या एकाने तर आख्खं पान तसंच मोठ्याने वाचलं आणि आम्ही हसून हसून मेलो. विसाव्या शतकातली छपाई घ्या. मात्र ठळक आणि मोठ्या अक्षरातले शब्द गाळलेली कॉपी नको. डिकिन्सन मध्येच एखादा शब्द मोठ्या लिपीत टाकतो, तो त्याने टेबलावर हात आपटल्यासारखा आहे, वाचताना तिथे आवाज चढवायचा.

दुसरी गोष्ट, पत्र उघडायच्या आधी तो ज्या कायद्याला उत्तर देतोय तो एका कागदावर लिहून समोर ठेवायचा. हे केलं नाही तर फोनवर बोलणाऱ्याची एकच बाजू ऐकू येते तसं होतं. कागदावर एवढंच पुरे: १७६५ ला स्टँप ॲक्ट, म्हणजे वसाहतींतल्या छापील कागदांवर कर लावणारा कायदा, आला, ओरडा झाला, १७६६ ला रद्द झाला, पण रद्द करतानाच पार्लमेंटने जाहीर केलं की वसाहतींवर वाटेल तो कायदा करायचा आमचा हक्क कायम आहे. १७६७ मध्ये अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंडने नवी शक्कल काढली, काच, कागद, शिसं, रंग आणि चहा यांच्यावर बंदरातच जकात. हा गृहस्थ कायदा लागू व्हायच्या आधीच सप्टेंबरमध्ये वारला, भांडण मात्र ठेवून गेला. आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या विधानसभेचं कामकाज थांबवणारा कायदाही झाला, कारण तिथे ठेवलेल्या सैन्याला लागणारं सामान तिने पूर्ण पुरवलं नव्हतं.

या सामानावरून पहिलं पत्र. गंमत बघा, डिकिन्सन म्हणतो की न्यूयॉर्कने मीठ, मिरी आणि व्हिनेगर सोडून बाकी सगळं दिलं होतं. म्हणजे भांडण मीठमिरीचं. आणि तो न्यूयॉर्कची बाजूही धड घेत नाही, त्यांचं वागणं शहाणपणाचं नव्हतं असं चक्क लिहितो, पण एका वसाहतीची सभा अशी बंद पाडता येते तर उद्या सगळ्यांचीच पाडता येईल हा त्याचा मुद्दा. पहिलं पत्र वाचताना एक पेन्सिल घ्या आणि तो स्वतःबद्दल काय सांगतो ते अधोरेखित करा: डेलावेअर नदीकाठी राहतो, शेत लहान, नोकर थोडे पण चांगले, थोडे पैसे व्याजाने दिलेत, जास्त हाव नाही. यातलं अर्धं नाटक आहे. माणूस श्रीमंत होता, कोर्टात उभा राहणारा होता. पण वकील म्हणून लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते हा फी घेऊन बोलतोय. तारखेकडेही लक्ष द्या, ५ नोव्हेंबर, १६८८ मध्ये याच दिवशी विल्यम ऑफ ऑरेंज इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला आणि जुन्या राजाला पळावं लागलं. राजनिष्ठ शेतकऱ्याने ही तारीख उगाच टाकलेली नाही.

दुसरं पत्र हे सगळ्याचं मूळ आहे, यावर दोन रविवार गेले तरी चालतील. इथे मराठीत सांगताना आधीच ठरवून घ्या, 'ड्यूटी'ला जकात म्हणायचं आणि 'टॅक्स'ला कर, आणि शेवटपर्यंत ते मिसळायचे नाहीत, कारण पूर्ण वाद त्या दोन शब्दांमधल्या फटीत आहे. तो म्हणतो, व्यापाराला वळण लावायला जकात बसवा, आम्ही आजवर मानलीय. पण पैसा गोळा करायला जकात बसवलीत तर नाव काहीही द्या, तो कर आहे, आणि कर आमच्या संमतीशिवाय नाही. मग तो जुने कायदे एकामागून एक काढतो आणि दाखवतो की त्यांच्यात महसूल उभा करायचा असं म्हटलेलं नाही, नव्या कायद्याच्या प्रस्तावनेत मात्र ते सरळ लिहिलंय. ती कलमांची जंत्री भराभर चाळा, फक्त 'महसूल' शब्द कुठे येतो तेवढं शोधा.

याच पत्रात वेढा पडलेल्या शहराचा दाखला आहे. आम्हाला कारखाने काढू देत नाही, काच-कागद ब्रिटनकडूनच घ्या म्हणता, आणि त्यावरच पैसे लावता, म्हणजे चारी बाजूंनी वेढलेल्या शहराची एकच वाट उघडी आहे आणि तीही तुम्ही बंद केलीत. ठाणेकराला हे समजवायला लागत नाही. मुंबईत गाडी घेऊन जायचंय तर मुलुंड नाहीतर ऐरोली, तिसरी वाट काढलीत तरी पुढे नाका होताच, ऑक्टोबर २०२४ ला छोट्या गाड्यांचा टोल माफ होईपर्यंत आपण सगळे तो भरत आलो. पुलाचा खर्च वसूल करायला टोल की लोकांना दुसरी वाट नाही म्हणून टोल, यावर आमच्याकडे पाऊण तास भांडण झालं आणि डिकिन्सन बाजूलाच राहिला. होऊ दे असं भांडण, पण घड्याळ लावा.

तिसऱ्यात तो काय करायचं ते सांगतो, अर्ज करा, माल घेणं थांबवा, पण दंगा नको, स्वातंत्र्याचं काम इतकं मानाचं आहे की आरडाओरड्याने ते मळू देऊ नका. चौथं आणि सहावं एकत्र घ्या. पाचवं मला अजूनही कंटाळवाणं वाटतं, वसाहतींमुळे ब्रिटनच्या व्यापाराचं किती भलं झालं ते सगळं, आणि आठवंही तसंच, तिथे आळीपाळीने चार-चार ओळी वाचून पुढे सरका.

सातवं मात्र चहा घेऊन, सावकाश, आणि मोठ्याने.

कारण इथे समोरचा म्हणतोय, अहो रक्कम केवढीशी, कशाला एवढं मनावर घेता. आणि शेतकरी म्हणतो, रक्कम लहान आहे हीच मला भीती. एवढ्याशा पैशासाठी कुणी कायदा करत नाही, पायंडा पाडायला करतात. हंड्रेडवेटभर (साधारण पन्नास किलो) काचेवर ४ शिलिंग ८ पेन्स लावायचा हक्क तुम्ही मान्य केलात तर वाटेल तेवढे लावायचा हक्क मान्य केलात, मग आमचे पैसे आमच्या खिशात राहतील की नाही हे आमच्या हातात उरलं नाही. हे वाचून झाल्यावर काका शांतपणे म्हणाले, आपल्या मेंटेनन्समध्ये ते महिना ५० रुपये 'तात्पुरते' वाढवले होते, आठवतंय? आठवतंय ना, अजून चालू आहेत.

पण याच पत्रात थांबायचीही एक जागा आहे, ती ओलांडून जाऊ नका. शेवटी तो म्हणतो, ज्यांच्यावर संमतीशिवाय कर बसतो ते गुलाम, आमच्यावर बसतो, म्हणून आम्ही गुलाम. हे लिहिणाऱ्याच्या डेलावेअरच्या जमिनीवर तेव्हा खरीखुरी गुलाम माणसं राबत होती, पहिल्या पत्रातले ते 'नोकर थोडे' पुन्हा काढून वाचा. १७७७ मध्ये त्याने अटी घालून त्यांना मोकळं करायला सुरुवात केली आणि पुढच्या दहाएक वर्षांत पूर्ण मोकळं केलं, त्याच्या बरोबरीच्या पुष्कळ पुढाऱ्यांनी तेवढंही केलं नाही. तरी तो शब्द लिहिताना त्याचा हात अडखळला नाही हे आहेच. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते ज्या अमेरिकनांनी गुलामांना दास्यातून सोडवलं त्यांना, मध्ये शंभरहून जास्त वर्षं आणि एक मोठं यादवी युद्ध गेलेलं. आमच्या ग्रुपमधल्या ताईंनी ही दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचूया म्हटलं, ते आता पुढच्या खेपेला.

नववं पत्र पगाराबद्दल आहे, गव्हर्नर आणि न्यायाधीशांचा पगार जो देतो त्याचं ते ऐकतात, मग लोकांच्या सभेकडे उरलं काय. अकराव्यात 'जेलसी' हा शब्द येतो आणि तिथे सगळे फसतात. तो म्हणतो स्वतंत्र राज्यात स्वातंत्र्याबद्दल कायम 'जेलसी' हवी, आणि मत्सर असं भाषांतर केलं की डोकं खाजवत बसावं लागतं. त्या काळी या शब्दाचा एक अर्थ डोळ्यात तेल घालून राखणं असाही होता. सावधपणा म्हणा, लगेच जुळतं. तसंच 'कंट्री' म्हटलं की लगेच अमेरिका धरू नका, कधीकधी त्याला फक्त आपली वसाहत म्हणायची असते. आणि लॅटिन आलं की घाबरायचं नाही, पहिल्या पत्राच्या शेवटी आहे त्याचा अर्थ एवढाच की एकीने लहान गोष्टी मोठ्या होतात.

विरोधी मत वाचल्याशिवाय बारावं पत्र संपवू नका. आणि विरोधक बाहेर शोधायला लागत नाही. लंडनच्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली बेंजामिन फ्रँकलिनने, जो तेव्हा वसाहतींचा प्रतिनिधी म्हणून लंडनला होता, आणि त्याच फ्रँकलिनने मार्च १७६८ ला आपल्या मुलाला पत्रात लिहिलं की वळण लावायची जकात आणि महसुलाची जकात यांच्यात रेघ ओढणं अवघड आहे, या शेतकऱ्याची हद्द कुठे ते मला कळत नाही. मला स्वतःला फ्रँकलिनचं पटतं. ती रेघ ठरवणार कोण, तर पार्लमेंटच, मग हाती काय लागलं? काका ऐकत नाहीत, ते डिकिन्सनच्या बाजूने. फ्रँकलिनची पत्रं फाउंडर्स ऑनलाइन या फुकट वेबसाइटवर शोधली की मिळतात.

तिथेच जॉन ॲडम्सचं, म्हणजे पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या पुढाऱ्याचं, जुलै १७७५ चं पत्रही वाचा, छापायला लिहिलेलं पत्र आणि खासगी पत्र यांतला फरक त्यात दिसतो. ॲडम्सने मित्राला लिहिताना नाव न घेता डिकिन्सनला मोठ्या पैशाचा आणि क्षुल्लक बुद्धीचा माणूस म्हटलं, पत्र इंग्रजांनी पकडलं आणि छापून टाकलं. सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाच्या रस्त्यात दोघं समोरासमोर आले तर डिकिन्सन बघून न बघितल्यासारखं करून निघून गेला, ॲडम्सने डायरीत लिहून ठेवलंय. चुकून सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकलेल्या कुणालाही हे कळेल.

बारा पत्रं झाली की पुढे १७७६ घ्या. १ जुलैला डिकिन्सन स्वातंत्र्य आत्ता नको असं भाषण करतो, २ तारखेला मतदानाला येत नाही, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही नाही, आणि नंतर स्वतःच लढायला जातो. तिसऱ्या पत्रातला दंगा नको म्हणणारा माणूस इथे ओळखू येतो. त्यानंतर १७८८ ची पत्रं आहेत, नव्या राज्यघटनेच्या बाजूने, या वेळी सही फेबियस, शेतकऱ्याचं सोंग उतरवून ठेवलेलं. ती लहान आहेत, पण आम्ही अजून सुरू केलेली नाहीत. लोकहितवादी शेजारी ठेवायचे असतील तर ठाण्याला मराठी ग्रंथ संग्रहालयात चौकशी करा, १८९३ पासूनची संस्था आहे. आमचं सध्या नववं पत्र चालू आहे आणि ते दोन रविवार पुढे गेलंय, कारण क्लबहाऊस वाढदिवसाला दिलंय.