यिन योगा पहिल्यांदा करताय? मग आधी हे वाचा

योगा म्हटलं की डोळ्यासमोर सूर्यनमस्कार आणि घाम येतो, आणि आपलं अंग कुठं एवढं वळतंय म्हणून बरेच जण लांबच राहतात. त्यांच्यासाठी यिन योगा खरंच चांगलाय. आसनात जायचं, अंग ढिलं सोडायचं आणि काही मिनिटं तिथंच थांबायचं, सगळं बसून नाहीतर आडवं पडून. नाव चिनी यिन-यांगमधलं, यिन म्हणजे शांत बाजू. 1970 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत पॉली झिंक या मार्शल आर्ट्सवाल्यांनी हे शिकवायला सुरुवात केली, पण बरीचशी आसनं तुम्हाला ओळखीची वाटतील.

तयारी फार नाही. मॅट किंवा जाड सतरंजी, दोन-तीन उशा, एक चादर आणि मोबाईलचा टायमर. टायमर पाहिजेच, नाहीतर सगळं लक्ष घड्याळाकडे जातं. जेवून दोन तास तरी झालेले असू देत. आणि सॉक्स घाला, हालचाल नसल्यामुळे अंग गार पडतं.

पहिल्या दिवशी चारच आसनं पुरेत. फुलपाखरू 3 मिनिटं, म्हणजे तळवे एकमेकांना लावून पाय जरा पुढे ठेवायचे आणि पाठ गोल करून पुढे वाकायचं, डोकं लटकत असेल तर खाली उशा रचा. मग पोटावर झोपून कोपरांवर छाती उचलायची, 2 मिनिटं. मग बालासन 1 मिनिट, म्हणजे टाचांवर बसून पुढे वाकायचं आणि कपाळ जमिनीला टेकवायचं. शेवटी पाठीवर झोपून गुडघे एका बाजूला टाकायचे, दोन्हीकडे 2-2 मिनिटं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. किती वाकायचं? जिथं पहिल्यांदा ताण जाणवतो तिथंच थांबा, तुमच्या ताकदीच्या साधारण निम्म्यावर. यात स्नायू सैल सोडून सांध्याभोवतीच्या चिवट भागावर हलका ताण द्यायचा असतो आणि तो भाग सावकाश सैल होतो म्हणून एवढा वेळ थांबायचं, जोर लावला तर स्नायू उलट आवळतात. मी पहिल्यांदा फुलपाखरात हातांनी गुडघे खाली दाबत बसले होते आणि दोन दिवस जांघ दुखत होती, तेव्हा प्लीज दाबू नका, गुडघे वरच राहिले तरी चालतंय. बोथट, पसरलेला ताण ठीक आहे. टोचल्यासारखं, सांध्याच्या आत दुखलं किंवा मुंग्या आल्या तर टायमरची वाट न बघता लगेच बाहेर या.

दुसऱ्या मिनिटाला मन पळायला लागतं, नाक खाजतं, कामं आठवतात. हे सगळ्यांना होतं. नाकाने श्वास घ्या आणि सोडताना जरा लांबवा, तेवढ्यात टायमर वाजतोच.

गरोदर असाल, स्लिप डिस्क किंवा हाडं ठिसूळ असतील, गुडघा-खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ज्यांचे सांधे मुळातच खूप लवचिक आहेत त्यांनीही जपून, त्यांना ताण जाणवतच नाही आणि ते जास्त खोल जातात.

आसनातून बाहेर येताना घाई नको, हाताने गुडघ्यांना आधार देऊन एकेक पाय मिटा, अंग आखडल्यासारखं वाटेल पण अर्ध्या मिनिटात जातं. मग चादर ओढून 5 मिनिटं शवासन, आणि उठताना आधी कुशीवर वळा, मग बसा.