खिडकी किती वाजता उघडायची? कृष्णाकाठच्या घरांसाठी धूर, थंडी आणि खोकल्याचा हिशेब

गळीत हंगाम सुरू झाला की कराड, इस्लामपूर, पलूस भागात सकाळी गच्चीवर काळी काजळी पडलेली दिसते. उसाच्या पात्याचे जळके तुकडे. बोटांत चुरडले की बोटं काळी होतात. ही डोळ्यांना दिसणारी काजळी बरीचशी नाकातच अडकते. खरा त्रास देतो तो तिच्याबरोबरचा बारीक धूर, ज्याला पीएम २.५ म्हणतात. तो थेट फुप्फुसात खोल उतरतो. श्वासनळीच्या आत बारीक लव असते, ती कफ वर ढकलत राहते. धुराने तिची हालचाल मंदावते, कफ साचतो आणि अशात कुणाच्या खोकल्यातून आलेला फ्लूचा विषाणू आत ठाण मांडतो. थंडीतली कोरडी हवा त्यात भर घालते. खोकल्यातून उडालेले थेंब पटकन सुकून हलके होतात आणि खोलीत जास्त वेळ तरंगत राहतात.

मग लोक काय करतात? दिवसभर खिडक्या लावून बसतात. त्याने धूर थोडा कमी येतो, पण घरात एकाला फ्लू असला की त्याने सोडलेली हवा सगळेजण घेत राहतात. डोक्यावरचा पंखा तीच हवा फिरवतो, एसीही तीच हवा गार करतो. त्यामुळे खिडकी उघडायचीच, फक्त वेळ सांभाळायची.

थंडीत रात्री आभाळ निरभ्र असतं, वारा पडलेला असतो. जमीन गार होते, तिच्यालगतची हवा गार होऊन नदीच्या खोऱ्यात साचते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. धूर त्याखाली अडकतो. हे ओळखायला यंत्र लागत नाही. पहाटे गुऱ्हाळाच्या धुराड्याकडे किंवा वीटभट्टीकडे बघा. धूर थोडा वर जाऊन चादरीसारखा आडवा पसरत असेल तर झाकण बसलेलं आहे. अजिंक्यताऱ्यावरून साताऱ्यावर दिसणारा सकाळचा करडा थर त्यातलाच. ऊन तापलं, धूर सरळ वर जाऊन विरायला लागला की समजा हवा मोकळी झाली.

साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ समोरासमोरच्या दोन खिडक्या पूर्ण उघड्या ठेवा. एकच खिडकी उघडून हवा नीट बदलत नाही. सूर्य मावळायच्या आत बंद करा. शेजारच्या रानात पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पेटलं असेल तर वेळ न बघता लगेच बंद. रात्री एका खोलीत तीन-चारजण झोपत असतील तर आतलं दार उघडं ठेवा, म्हणजे निदान सगळ्या घराची हवा वापरात येते. आजोबांना पहाटे घाटावर फिरायची सवय असेल आणि दमा किंवा हृदयविकार असेल, तर ते फिरणं थंडीपुरतं दुपारी चारवर न्या. एवढ्या एका बदलाने पुष्कळ फरक पडतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे याचा आकडा दिसतो. १०० पर्यंत ठीक, २०० च्या वर दमेकऱ्याने बाहेरचं काम टाळावं. पण त्यातला धूलिकणांचा आकडा २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो. सकाळी ७ चा धूर त्यात बुडून जातो. आकडा बरा दिसला तरी धुराड्याकडे बघायचं सोडू नका. सांगली शहर राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या खराब हवेच्या शहरांच्या यादीत आहे, ते उगाच नाही.

घरात फ्लूचा रुग्ण असेल तर त्याच्या खोलीच्या खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून बसवा. भोवतीची मोकळी जागा पुठ्ठ्याने बंद करा, नाहीतर बाहेर टाकलेली हवा बाजूने परत येते. दार लावून घ्या, खाली बोटभर फट राहू द्या आणि घरातली दुसरी एखादी खिडकी उघडी ठेवा. मग टिश्यू पेपरची पट्टी फटीशी धरा. ती खोलीच्या आत ओढली गेली पाहिजे. बाहेर, म्हणजे घराकडे उडाली, तर फॅन उलटा आहे किंवा वारा अंगावर येतोय. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, तेव्हा फॅन पूर्वेच्या खिडकीत लावा. चूल किंवा गॅस गिझर चालू असताना फॅन बंद ठेवा, कारण त्यांचा विषारी वायू उलटा घरात ओढला जाऊ शकतो. आणि पहाटे धूर दाटलेला असताना? फॅन दोन-तीन तास बंद ठेवून रुग्ण आणि त्याचं करणारी व्यक्ती, दोघांनीही मास्क लावावा.

मास्क एन-९५ किंवा एफएफपी-२ हवा. ओढणी, पंचा बारीक धूर अडवत नाही, आणि ओला पडदाही नाही. लावल्यावर जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा आला तर नाकावरची पट्टी पुन्हा दाबा. दाट दाढीवर मास्क नीट बसत नाही.

घरातला धूरही धूरच. बंद खोलीत मच्छर कॉइल, धूप, शेकोटी नको. लहान मुलाला उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफ देऊ नका, भाजण्याचे प्रकार असेच घडतात. नाकात सलाईनचे थेंब पुरतात.

जत, आटपाडी, माण, खटावकडे अडचण धुळीची. उन्हाळ्यात झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. तासगाव भागात बेदाण्याला गंधकाची धुरी देतात. तो वायू दमेकऱ्याची श्वासनळी क्षणात आवळतो. शेडच्या वाऱ्याखाली थांबू नका. पाटण, महाबळेश्वरला पावसाने हवा धुतली जाते खरी, पण लोक बंद घरात एकत्र बसतात, भिंतींना बुरशी येते आणि फ्लू पसरतो. वृद्धांनी, दमेकऱ्यांनी डॉक्टरांना विचारून फ्लूची लस मेमध्येच घ्यावी. तिचा परिणाम व्हायला दोनेक आठवडे लागतात. दम्याचा रोजचा पंपही बरं वाटतंय म्हणून बंद करू नका.

मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाकडे बघून श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, बाळ पीत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. मोठ्या माणसाचा बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर दिसणारा ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली गेला तरी दवाखाना गाठा. मोजण्याआधी हात चोळून गरम करा, गार बोटावर आकडा चुकीचा येतो.