होडीवर लाईट, पंप, व्हीएचएफ (बोलायचा वायरलेस सेट) बसवताय? वायरिंग असं करा

मालवणला दांडीच्या किनाऱ्यावर काकांची 24 फुटी फायबरची होडी आहे, आऊटबोर्ड मशीनवाली. तिचं वायरिंग मी दोनदा केलंय आणि दुसऱ्यांदा करावं लागलं ते एका जोडामुळे. रात्री नांगरावर ठेवलेली होडी सकाळी जाऊन बघतो तर आत गुडघाभर पाणी, पंप गप्प, बॅटरी मात्र फुल्ल. पंपाच्या वायरचा जोड मी घरी करतो तसाच केला होता, दोन वायरी मुरगळल्या आणि वर काळी टेप. ती टेप सोडली तर आत ओलसर हिरवी पूड आणि तारा काळ्या पडलेल्या, बोट लावल्याबरोबर तुटून हातात आल्या. सहा महिनेपण झाले नव्हते. घरात असा जोड वर्षानुवर्षं चालतो, पण होडीत खारं पाणी टेपच्या कडेने आत शिरतं आणि मग त्याच टेपमुळे बाहेर पडत नाही, आतल्या आत तांबं खात बसतं.

म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, हे काम करायला तेवढा वेळ आणि तेवढी कोरडी जागा नंतर वर्षभर मिळत नाही.

हात लावायच्या आधी पेट्रोलची टाकी होडीतून खाली उतरवा आणि फळ्या उघडून आत वारं खेळू द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी जाऊन बसते, आणि बॅटरीपण बहुतेक होड्यांत तिथेच खाली असते. मग बॅटरीचा मायनस आधी काढा, जोडताना मायनस सगळ्यात शेवटी. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. 12 व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण पाना चुकून प्लस-मायनसवर आडवा पडला तर शेकडो अँपिअर करंट जातो, पाना लाल होतो आणि बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनला ठिणगी मिळाली तर बॅटरी फुटून अ‍ॅसिड तोंडावर येतं. बॅटरी डब्यात ठेवा, डब्याला वरून हवा जायला भोकं हवीत, पट्ट्याने घट्ट आवळा आणि प्लसवर रबरी टोपी पाहिजेच.

आता वायर. घरच्या वायरिंगची साधी तांब्याची वायर स्वस्त पडते पण ती घेऊ नका. टिन केलेली, बारीक तारांची मऊ वायर मागा. पितळेच्या भांड्याला कल्हई करतात तशी या वायरच्या प्रत्येक तारेवर कथलाचा थर असतो, त्यामुळे खाऱ्या हवेत तांबं हिरवं पडत नाही. एकाच जाड तारेची वायर तर अजिबात नको, मशीनच्या थरथरीने ती वाकून वाकून तुटते.

जाडी किती घ्यायची इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. 12 व्होल्टला करंट जास्त लागतो आणि वायर बारीक असली की वाटेतच व्होल्ट पडतात. हिशेब सोपा आहे, जाऊन-येऊन एकूण मीटर गुणिले अँपिअर गुणिले 0.0175, त्याला वायरच्या एमएमने भागायचं, एमएम म्हणजे दुकानात दीड, अडीच म्हणतात ते. समजा बॅटरी मागे आहे आणि व्हीएचएफ 5 मीटर पुढे. 25 वॉटचा सेट बोलताना साधारण 5 अँपिअर घेतो, लांबी जाऊन-येऊन 10 मीटर. 1 एमएम वायर घातली तर 0.87 व्होल्ट वाटेत गेले, अडीच एमएम घातली तर फक्त 0.35. लाईट, पंप आणि व्हीएचएफला 3 टक्क्यांच्या वर म्हणजे 0.36 व्होल्टच्या वर पडू देऊ नका, मोबाईल चार्जर किंवा पंख्याला 10 टक्क्यांपर्यंत चालतं. सेटवर ऐकू सगळं येतं पण माईक दाबला की सेट बंद पडतो असं तुमच्याकडे होत असेल तर सेटला दोष देण्याआधी वायर आणि जोड बघा, कारण ऐकताना करंट अगदी थोडा लागतो आणि बोलताना एकदम वाढतो. चॅनल 16 वर मदत मागायच्या वेळीच नेमकं हे होणार.

फ्यूज कुठे लावायचा? बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत. पुढे स्विच-फ्यूजच्या पॅनेलवर फ्यूज असला तरी बॅटरी ते पॅनेल ही वायर उघडीच राहते, ती कुठे घासून शॉर्ट झाली तर तिला थांबवणारं कोणी नाही, वायरच पेटते आणि फायबरची होडी पेटली तर समुद्रात पळणार कुठे. फ्यूज असतो तो वायर वाचवायला, वायर सोसेल त्याच्यापेक्षा मोठा फ्यूज कधीच घालू नका. मी बॅटरीपासून फ्यूज बॉक्सपर्यंत 6 एमएम वायर आणि 30 अँपिअरचा फ्यूज घातलाय, तिथून पुढे प्रत्येक वस्तूला वेगळा गाडीतला पातीवाला फ्यूज, लाईटला 5 चा खाकी, व्हीएचएफला 10 चा लाल. मशीनच्या स्टार्टरची जाड केबल यात आणायची नाही, ती कंपनीने दिलीय तशी राहू द्या.

पंपाचा फ्यूज पंपाच्या लेबलवर लिहिलाय तेवढाच, एक अँपिअर जास्त नाही. जाळ्याचा धागा पंपाच्या पंख्यात अडकला की मोटर फिरत नाही पण करंट खेचत राहते, मोठा फ्यूज असेल तर तो उडत नाही आणि मोटर, वायर दोन्ही भाजून निघतात. आणि पंपाचा फ्लोट स्विच, म्हणजे पाणी वाढलं की तरंगून वर येणारा आणि पंप आपोआप चालू करणारा स्विच, मेन स्विचच्या मागून घेऊ नका. त्याला बॅटरीवरून थेट वेगळी लाईन द्या, अर्थात फ्यूज लावूनच, कारण घरी जाताना आपण मेन बंद करतो आणि पंपाची खरी गरज तेव्हाच असते.

जोड शक्यतो करूच नका, अखंड वायर ओढा. करावाच लागला तर तळातल्या पाण्याच्या बराच वर करा. लग म्हणजे वायरच्या टोकावर चेपून बसवायचा धातूचा तुकडा, तो मारायची चांगली पक्कड विकत घ्या, साध्या पकडीने चेपलेला लग ओढला की निघतो. वायर सोला, लग चेपा, जोरात ओढून बघा, मग आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) चढवून गरम करा, दोन्ही कडांतून गोंदाचा बारीक थेंब बाहेर आलेला दिसला पाहिजे, तो दिसला की पाणी बंद. नुसत्या सोल्डरवर विसंबू नका, सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. स्क्रूखाली जिथे वायर येते तिथे गोल रिंगवाला लग घाला, स्क्रू थोडा सैल झाला तरी निसटत नाही.

वायर कडेने उंचावरून न्या, दर वीतदीड वीतेवर टायने बांधा, फायबरच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला नाहीतर कडेवर इन्सुलेशन कापलं जातं. पॅनेलमध्ये शिरायच्या आधी वायरला खाली एक झोळ द्या, वायरवरून ओघळणारं पाणी तिथून खाली पडतं, आत जात नाही. होकायंत्राजवळून वायर न्यायचीच असेल तर प्लस-मायनस एकमेकांना पिळून न्या, नाहीतर लाईट लावला की काटा फिरतो.

लाईट बसवताना डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि चहूबाजूंनी दिसणारा पांढरा वर. 12 मीटरखालच्या होडीचे लाल-हिरवे लाईट किमान 1 सागरी मैलावरून दिसायला हवेत असा नियम आहे, आणि व्होल्ट पडलेले असतील तर बल्ब मिणमिणतो, समोरून येणाऱ्या ट्रॉलरला तुम्ही दिसणारच नाही. स्वस्त एलईडी घेतलात तर लावून बघताना व्हीएचएफ चालू ठेवा, खरखर वाढली तर तो लाईट परत करा.

तपासायला घरचा टेस्टर चालत नाही, 12 व्होल्टला तो पेटतच नाही, मल्टिमीटर लागतो. सगळं चालू करा आणि बॅटरीवर एकदा, मग लाईटच्या टोकाला एकदा व्होल्ट मोजा, फरक हिशेबापेक्षा जास्त आला तर कुठलातरी जोड खराब आहे, एकेक जोड मोजत जा, सापडतो. मग सगळं बंद करून मायनसची केबल काढा आणि मीटर 10 अँपिअरवर ठेवून केबल आणि बॅटरीच्या मध्ये लावा. शून्य यायला हवं. काही येत असेल तर करंट कुठूनतरी गळतोय, आणि तो तळातल्या पाण्यातून गळत असेल तर बॅटरी तर उतरेलच, वर पाण्यातले धातूचे भाग महिन्याभरात खाऊन टाकेल. शेवटी बादलीभर पाणी तळात ओता, मेन बंद ठेवा आणि फ्लोट उचलून पंप आपोआप सुरू होतोय का ते बघा. काका आता होडी नांगरावर सोडायच्या आधी दर वेळी हेच करतात.