तारणाचा तक्ता ठेवू नका

नर्सिंग मिरजेत केलं, त्यामुळे तक्ता अंगात मुरलेला. दर चार तासांनी ताप, नाडी, श्वास. निवृत्त झाल्यावर तीच खोड मी देवाकडे, तारणाकडे (म्हणजे पापातून सुटकेकडे) वळवली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनने खुणा: प्रार्थना झाली, बायबलचं वचन वाचलं, जाऊबाईंशी भांडण नाही. सलग अकरा खुणा झाल्या की मान ताठ. एक चुकली की रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत घ्यायची भाकर आणि द्राक्षरस) न घेता मागच्या बाकावर. ताप लिहून ताप उतरत नाही, हे मला, नर्सला, कळायला वर्षं लागली!

तुमचंही असं कॅलेंडर असेल तर आधी ते भिंतीवरून काढा.

मग बायबलमधलं इफिसकरांस पत्र 2:8-10 सलग वाचा. तारण कृपेनं, कर्मांनी नाही, हे आधी येतं; सत्कर्मं दहाव्या वचनात, तारणाच्या मागून. फिलिप्पैकरांस 2:12 लाही थांबू नका. ‘तारण साधून घ्या’ एवढंच वाचून मी कंबर कसायची. पुढच्याच वचनात आहे की इच्छा आणि कृती दोन्ही देवच घडवतो.

सकाळी मागण्यांआधी आभार माना. शब्द सुचत नसतील तर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन म्हणा, त्यांनी 1917 मध्ये आपल्या साताऱ्यातच ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला होता.

खरी कसोटी चुकल्यावर. परवा नळाच्या पाण्यावरून जाऊबाईंना नको ते बोलले. पूर्वी चार दिवस नीट वागून मग देवासमोर गेले असते. आता बादली हातात असतानाच म्हटलं, “प्रभू, चुकले.” मग वर जाऊन त्यांनाही म्हटलं. (दार उघडलं, चहा काही विचारला नाही. असू दे.) पण क्षमा मागून फेड झाली असं धरू नका, नाहीतर त्याचाही तक्ता होतो.

दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, देवाला देताना ‘आता पोराच्या नोकरीचं बघ’ असं मनात आलं, तर तेही देवाला सांगून टाका. पैसे द्या, सौदा मागे घ्या.

आणि प्रभुभोजन टाळू नका. 1 करिंथकरांस 11:28 मध्ये स्वतःची परीक्षा करून मग खावं असं आहे, परीक्षा करून घरी जावं असं नाही. गेल्या रविवारी लोणच्याच्या हळदीने माझे हात पिवळे होते, घासूनही निघेनात. तसाच तळहात पुढे केला. पाळकांनी त्यावरच भाकरीचा तुकडा ठेवला.