पडलात तर आधी तारीख लिहा

ऑगस्टला टेक्सासला निघालेली राजारामपुरीतली दोन पोरं परवा घरी आली. हातात यादी: कुकर केवढा, कांदा-लसूण चटणी किती किलो. चटणी दोन किलो न्या, बास. बँक, सिमकार्ड तिथं दिवसात होतं. जे कुणी विचारत नाही ते लिहितो: विद्यापीठात पडून लागलं, तर भरपाई कशी मागायची.

तुमचं विद्यापीठ सरकारी असेल, तर दावा राज्य सरकारवर असतो. तिथं दुखापत झाली तर 6 महिन्यांच्या आत लेखी नोटीस पोचली पाहिजे: काय लागलं, कुठं, कधी, कसं. नोटीस दिली नसली तर "त्यांना माहीतच होतं की मला लागलंय" असंही म्हणता येतं, पण त्या वादावर वकिलांची घरं चालतात.

माझं दुसरं सेमिस्टर. लायब्ररीच्या मागच्या जिन्याची पायरी कडेला फुटलेली. पाय सटकला, मनगट मोडलं. मी कोल्हापुरी पद्धतीनं ओळख काढली. ऑफिसातल्या बाई फार गोड, दर महिन्याला मेल, "बघतोय आम्ही." सातव्या महिन्यात वकिलाकडं गेलो. त्यानं तारीख विचारली नि फाईल मिटली. दवाखान्याचं बिल नऊ हजार डॉलर, तीन वर्षं हप्ते.

मुदतीत गेलो असतो तरी पायरी खराब आहे हे त्यांना आधी ठाऊक होतं, असं दाखवावं लागलं असतं. कुणीतरी तक्रार केली होती म्हणे. पण माझ्याकडं फोटोसुद्धा नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर ताजं सिमेंट. त्यामुळं हात मोडला तरी दुसऱ्या हातानं फोटो काढा, सोबत कोण होतं त्याचा नंबर घ्या.

मंडळातले काका सांगतील, "केस ठोक, करोडपती होशील." त्यांचं ऐकू नका. टेक्सासमध्ये राज्याच्या संस्थेकडून माणशी जास्तीत जास्त 2,50,000 डॉलर, जीव गेला तरी. कॅलिफोर्नियात लॅबमधल्या चाकूहल्ल्याच्या खटल्यात 2018 साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं म्हटलं, वर्गात अंदाज येण्याजोग्या हिंसेपासून विद्यार्थ्यांना जपणं विद्यापीठाचं कर्तव्य आहे. तो निकाल कॅलिफोर्नियाचा. राज्य बदललं की कायदा बदलतो, हे आपल्या पोरांच्या डोक्यात शिरत नाही.

विद्यार्थ्यांसाठी फुकट वकील असतो, घरभाड्याच्या भांडणाला उत्तम. स्वतःच्याच विद्यापीठाविरुद्ध तो सहसा उभा राहत नाही. बाहेरचा गाठा. नोटीस पोचपावतीच्या टपालानं पाठवा, आणि पावतीचा फोटो घरी आईला पाठवून ठेवा.